घर विकणे आहे

"एक यार्ड," रॅन्सम टीग म्हणाला आणि त्यानं काटा टेबलावर आपटला. "चेंडू फक्त एक यार्ड पुढे न्यायचा होता. माझी सासू ब्याण्णव वर्षांची आहे, कंबरेत स्क्रू घातलेत, ती खुर्चीतून नुसती उठायला गेली तरी एक यार्ड पुढे पडते. आणि हा माणूस काय करतो? लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकतो. घ्या म्हणतो, जपून न्या."

"वारा होता," मर्ल म्हणाला. मर्ल चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवतो, त्यामुळे तो सगळ्यांचीच बाजू थोडी थोडी घेतो.

"वारा त्याच्या डोक्यात होता."

"चेंडू ओला होता," हॉइट ब्रॅनम म्हणाला आणि पावावर काकवी ओतत राहिला.

आम्ही सगळे कॉफीच्या कपात बघायला लागलो. कारण आम्ही ज्याला सोलत होतो तो टकाबोला कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच वेन्डल ब्रॅनम, आणि हॉइट त्याचा बाप.

बापाच्या तोंडावर त्याच्या पोराला सोलायचं, हे तुम्हाला बरं वाटणार नाही. पण आमचं टेबल अठ्ठावीस वर्षांचं. वायोलाच्या पेट्रोलपंपामागची खोली, दर सोमवारी सकाळी सहा वाजता. वेन्डल कोच होऊन आला त्याला तीनच वर्षं झालेली. तो आला तेव्हा मर्लनं हॉइटला बाजूला घेऊन विचारलं होतं, की बाबा, आता तुला अवघड होईल, आम्ही दुसरीकडे बसू का? हॉइट म्हणाला, "पोराच्या नोकरीपायी मी नाश्ता कशाला सोडू?" तेव्हापासून तोही त्याला बाकी गावासारखा 'कोच' म्हणायचा. आम्ही मात्र हॉइटसमोर 'कोच' म्हणायचं टाळून 'हा माणूस' म्हणायचो. तेवढा सभ्यपणा आमच्यात होता.

हॉइटनं अडतीस वर्षं गावातले पाण्याचे मीटर वाचले. दुसरं काही केलं नाही. टकाबोलात असं एक अंगण नाही, ज्यातून तो महिन्यातून एकदा वाकून गेला नसेल. कुणाची तुळई कुजलीय, कुणाच्या नळाला गळती आहे, कुणाचा नवरा दिवसाढवळ्या घरात झोपलाय, सगळं त्याला माहीत आणि त्यातलं काहीच त्याच्या तोंडून बाहेर आलं नाही. तो निवृत्त झाला त्या दिवशी गावातली सत्तावीस कुत्री त्याच्या फाटकाशी येऊन बसली होती. मर्ल म्हणतो अकरा. मर्लला मोजता येत नाही.

वेन्डलनं वीस वर्षांत नऊ गावं बदलली होती. कोचांचं असंच असतं, कुठेही चार ताटं विकत घेऊन संसार मांडत नाहीत. आई वारली तेव्हा तो तीन विमानं बदलून आला आणि माती देऊन संध्याकाळच्या सरावाला परत गेला. नंतर आमच्या कॉलेजनं त्याला बोलावलं. हॉइटच्या घरापासून त्याचं घर गाडीनं आठ मिनिटं. दर बुधवारी सून जनेल सासऱ्याला जेवायला बोलवायची. हॉइटनं बुधवारसाठी वेगळा शर्ट घेतला होता. आमच्या सोमवारच्या टेबलाला त्यानं असा मान कधी दिला नाही.

तर वेन्डलची नोकरी गेली, की हॉइटचा बुधवार गेला. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमचा संघ, ज्याला आम्ही लाडानं खेचरं म्हणतो, सलग सामने हरत होता, आणि खेचरं हरायला लागली की टकाबोलात दया नावाची गोष्ट औषधालासुद्धा मिळत नाही.

रॅन्समनं खिशातून घडी केलेला कागद काढला. टायरच्या दुकानात बसून त्यानं तो रविवारभर लिहिला होता. कॉलेजच्या विश्वस्तांना पत्र. या माणसाला हाकला.

"सगळ्यांनी सह्या करायच्या," तो म्हणाला. "हॉइट, तुलाही वाचून दाखवतो. पाठीमागून वार करणारा मी नाही."

"तू समोरून करतोस, आणि वर कॉफी मागतोस," वायोला केटली घेऊन येत म्हणाली. "लाज वाटू दे जरा."

"लाज त्याला वाटू दे. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर..."

"दे इकडे," हॉइट म्हणाला. त्यानं चष्मा पुसला आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आम्ही ताटात बघत बसलो. मग त्यानं रॅन्समच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"इथे चुकलंय," तो म्हणाला. "सलग पाच नाही. सहा हरलोत." त्यानं आकडा नीट खोडून दुरुस्त केला आणि कागद मर्लकडे सरकवला.

"आणि सही?"

"शनिवारी सामना आहे. मी बघायला येतोय."

मर्लनं सही केली. मीही केली. खोटं सांगण्यात माझी हयात गेली, पण हे खरं सांगतो.

आता पाट्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे कोचवर राग आला की लोक त्याच्या घरावर अंडी वगैरे फेकत नाहीत, तो रानटीपणा झाला. आमच्याकडे हरलेल्या शनिवारनंतर कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवतात. म्हणजे, बाबा, सामान बांध. पाट्या आणायच्या कुठून? ज्यांची घरं खरंच विकायची असतात, त्यांच्या अंगणातून उपटून. एकदा जुन्या कोचच्या वेळी इतक्या पाट्या जमल्या, की बाहेरगावचं एक जोडपं गाडी थांबवून विचारायला लागलं, अख्खं गाव घेतलं तर काही सूट मिळेल का. रॅन्समनं त्यांना जवळजवळ माझं घर विकलं होतं.

वेन्डलच्या अंगणातल्या पाट्या हॉइट काढायचा. रविवारी सकाळी, नाती उठायच्या आत. त्या काढून तो फेकत नसे. गावात कुठलं घर विकाऊ आहे, हे त्याला पाठ. एकेक पाटी गाडीत घालून तो ज्याची त्याच्या अंगणात नेऊन परत रोवायचा. पुढच्या शनिवारी आम्ही त्याच परत उपटायचो. असं सहा आठवडे चाललं होतं. आम्हालाही त्यात सोय वाटायला लागली होती, पाट्या नेमक्या कुठे असतील ते कळायचं.

त्या शनिवारी लॅन्स्डेलनं आम्हाला एक्केचाळीस-तीननं मारलं. ते तीनसुद्धा त्यांच्या दयेचे. तिसऱ्या सत्रातच लोक उठून गेले. हॉइट शेवटपर्यंत बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या रांगा.

रविवारी सकाळी सातला त्याचा फोन आला.

"लूथर, कंबर धरलीय माझी. जरा हात लावायला ये. या खेपेला बऱ्याच आहेत."

मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? बारा पाट्या होत्या. अंगण दफनभूमीसारखं दिसत होतं. घरात अजून पडदे ओढलेले. हॉइट एकेक पाटी हलवून उपटायचा, भोकात माती सारायचा, वर गवताचा तुकडा बसवून बुटानं दाबायचा. एका पाटीपाशी तो थांबला.

"ही तू लावलीस."

"मी? मी नऊला झोपलो होतो."

"भोक तिरकं आहे. तुझा डावा खांदा दुखतो, म्हणून तू उजवीकडून ठोकतोस. गेल्या महिन्यात पण तुझीच होती." तो रागावला नव्हता. मीटर वाचावा तसं त्यानं ते वाचून दाखवलं. "ही मिसेस पर्डीच्या दारातली. तिला विचारून तरी आणत जा."

मी पाटी मुकाट्यानं गाडीत टाकली.

शेवटची पाटी मात्र हलेना. जाड लाकडी खांब, पांढरा रंग ताजा, खाली हातभर खोल पुरलेला. वर एजंटचं नाव, तोही शेजारच्या काउंटीतला. हॉइटनं गाडीतून फावडं आणलं.

"या खेपेला कुणीतरी मन लावून काम केलंय," तो खणत म्हणाला.

"दुसऱ्या काउंटीतून चोरून आणलीय म्हणजे," मी म्हणालो. "आपली पोरं सुधारली."

ती काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. मग फेरी सुरू झाली. मिसेस पर्डी, जुनी पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचं दंतवैद्याचं घर. हॉइट गाडी थांबवायचा, मी पाटी द्यायचो, तो तिच्या जुन्याच भोकात ती बसवायचा. पुतळे परत चौथऱ्यावर चढवावेत तसं. रस्त्यात भेटणारे चर्चला निघालेले लोक आमच्याकडे बघून मान फिरवत होते. एकानं काच खाली करून विचारलं, "हॉइट, चाळीस गुणांच्या वर जायला पोराला किती वर्षं लागतील?" हॉइट म्हणाला, "नमस्कार, ग्लेन. तुझी मागची मोरी अजून गळते का?" काच वर गेली.

अकरा पाट्या अकरा घरी पोचल्या. बारावी गाडीत राहिली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"बघू."

आम्ही गिरणीमागची गल्ली पाहिली. रेल्वेपलीकडची घरं पाहिली. दफनभूमीकडचा रस्ता पाहिला. हॉइट प्रत्येक दारासमोर गाडी हळू करायचा, जमिनीत ताजं भोक दिसतं का बघायचा, आणि पुढे जायचा. माझ्या डोक्यात तोवर उजाडलं होतं. मला उशिरा उजाडतं, पण उजाडतं. मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात मी गप्प बसलो असे प्रसंग बोटांवर मोजता येतील, त्यातला हा एक.

पाण्याच्या टाकीपाशी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"गावात विकाऊ घरं अकरा," तो म्हणाला. "बारावं नाही."

"असेल कुठेतरी बाहेर."

"त्या एजंटचं इथे एकही घर नाही." तो समोर बघत होता. "गावातल्या एजंटला सांगितलं असतं, तर तासाभरात वायोलाकडे कळलं असतं. म्हणून बाहेरचा धरला."

टाकीतून पाणी ठिबकत होतं. हॉइटनं बराच वेळ किल्लीला हात लावला नाही. मग गाडी चालू केली आणि आलो होतो त्याच रस्त्याला लावली.

जनेल अंगणात उभी होती, अंगावर वेन्डलचा जाड कोट, समोर भलामोठा खड्डा. गाडीत पाटी दिसल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"डॅडी, तुम्ही नेलीत होय. मला वाटलं, चोरीला गेली."

"चोरीलाच गेली होती," हॉइट म्हणाला. "परत आणलीय."

"काल दुपारी तो माणूस येऊन लावून गेला. सगळं गाव मैदानावर होतं म्हणून. वेन्डल आज जेवण झाल्यावर तुमच्याकडे येणार होता, तुम्हाला सांगायला. मी म्हटलं होतं त्याला, आधी सांग. आधी सांग म्हटलं होतं."

"आहे कुठे तो?"

"ऑफिस रिकामं करायला गेलाय. कॉलेजला काल रात्रीच कळवलं. मोन्टानात एक हायस्कूल आहे, तिथे जमलंय." ती जरा थांबली. "मुलींना शाळेत फार बोलतात हो. धाकटी तर डबा न खाता परत आणते."

हॉइटनं मान हलवली. "किती लांब पडेल?"

"गाडीनं दोन दिवस."

"म्हणजे मध्ये मुक्काम करावा लागेल."

"हो."

"बरं." त्यानं खड्ड्याकडे पाहिलं. "मी जरा जास्तच खणलंय. दगड घालावे लागतील, नाहीतर हलत राहील."

मी आणि त्यानं मिळून कुंपणाजवळचे दगड आणले. जनेल म्हणाली, राहू दे, एजंटचा माणूस येऊन लावेल. हॉइटनं तिला आत पाठवलं, गार वारा आहे म्हणाला. मग त्यानं खांब खड्ड्यात उभा केला, मी धरला, तो गुडघ्यावर बसून एकेक दगड ठोकत राहिला. कंबर धरलेला माणूस. मला खाली वाकू देईना.

तेवढ्यात रॅन्समची गाडी आली. चर्चचे कपडे, शेजारी बायको, मागे ती ब्याण्णव वर्षांची सासू. गाडी हळू झाली. वेन्डल ब्रॅनमच्या दारात वेन्डलचा बाप 'घर विकणे आहे' पाटी ठोकतोय, हे दृश्य रॅन्समनं डोळे भरून पाहून घेतलं, आणि हॉर्न वाजवला. लांबलचक, जिंकलेल्या शनिवारी वाजवतात तसा.

"शाबास, हॉइट," तो ओरडला. "अखेर तुलाही पटलं म्हणायचं. उद्या तुझा नाश्ता माझ्याकडून."

मी तोंड उघडलं.

"राहू दे," हॉइट खालूनच म्हणाला. "तू खांब धर."

त्यानं टोपीच्या कडेला दोन बोटं लावून रॅन्समला नमस्कार केला. रॅन्समच्या बायकोलाही केला. सासूनं मागच्या काचेतून हात हलवला, तिला बिचारीला काही कळत नव्हतं. गाडी वळणाआड गेली.

हॉइट हळूहळू उठला, गुडघे झटकले, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथून एक डोळा मिटून पाटीकडे बघत त्यानं हातानं खूण केली. थोडं डावीकडे. मी ढकललं. अजून थोडं. मी ढकललं.

"बस्स," तो म्हणाला. "आता सरळ आहे."

मी हात सोडले. पाटी हलली नाही. मी इकडून वाट बघत होतो, पण तो रस्ता ओलांडून परत येईना.