पारण्याची पाळी

भंडाऱ्याच्या कोर्टानं जागेश्वर धकातेंना नादार ठरवलं, त्या दिवशी पायऱ्या उतरता उतरता वकिलानं त्यांना एक काम सांगितलं.

"दुकान, घर, सूत, लुगडी, सगळं आता रिसीव्हरच्या ताब्यात. तुमच्याकडे राहिली स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण. पण तुम्ही चार ठिकाणी सभासद असाल ना? ती सभासदत्वं आपोआप बंद होत नाहीत बरं. वर्गणी चढतच राहते. एकेकाला कळवून टाका."

पवनीला परत येऊन जागेश्वरभाऊंनी पोस्टकार्डं लिहिली. व्यापारी मंडळ सोडलं, वाचनालय सोडलं. लिहिताना फारसं काही वाटलं नाही. नागपूरचं भक्तिपर मासिक तेवढं कळवूनही येतच राहिलं. ते पोस्टमनला परत करायच्या आधी जागेश्वरभाऊ वेष्टनाच्या फटीतून दिसेल तेवढं वाचून घेत.

"पूर्ण वाचा न जी, मी थांबतो," पोस्टमन म्हणे.

"नाही रे बाप्पा. वर्गणी बंद केली, आता ते आपलं नाही."

राहिली होती फक्त कीर्तन सभा. ते कार्ड काही लिहून होईना.

वैनगंगेच्या काठावरच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला कीर्तन व्हायचं, ते या सभेचं. सभेला वर्गणी नव्हती. सभासदानं एकच गोष्ट करायची: वर्षातून एकदा आपल्या पाळीला द्वादशीच्या सकाळी बुवांना घरी नेऊन उपासाचं पारणं घडवायचं. हे तहहयात. जागेश्वरभाऊंची पाळी मार्गशीर्षातल्या वद्य द्वादशीची. सुताचं दुकान चालत होतं तेव्हा मनकर्णाबाई पहाटेच न्हाऊन चुलीपाशी बसत, आणि बुवांच्या ताटात पहिला भात पडला की जागेश्वरभाऊंना वर्षाचं सार्थक झाल्यासारखं वाटे. तो कीर्तनवेडा माणूस. आख्यान कुठलंही असो, बुवांनी चाल बदलली की याचे डोळे भरून यायचे.

त्यांनी वकिलाला विचारलं होतं, हाही करार बुडाला का?

वकील हसला. "कागदावर बुडालाच समजा. पण खाऊ घालण्यावर कोण दावा लावणार? पाळायचा तर पाळा. फक्त रिसीव्हरच्या मालातलं काही घेऊ नका, आणि उधार आणून करू नका. मीठसुद्धा."

तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आता ते गिरणीमागच्या एका खोलीत एकटेच राहत. मनकर्णाबाई आसगावला भावाकडे गेल्या होत्या. एका खोलीत दोघांचं भागलं असतं, पण त्यांना पवनीत तोंड दाखवावंसं वाटेना. जागेश्वरभाऊ गिरणीवर धानाचे काटे करायचे, म्हणजे पोती तोलून द्यायचे. मजुरीत कधी पैसे मिळत, कधी तांदूळ. नवं धान आलं तसा चिन्नोरही आला, सुवासिक, बारीक. तो मजुरीत मागून घेऊन त्यांनी एका डब्यात जपून ठेवला. स्वतःसाठी ते जाडा तांदूळ शिजवत. डब्याचं झाकण उघडलं की खोलीभर वास पसरायचा, आणि हा वास कुणाला सांगावा, असं व्हायचं.

एकादशी जवळ आली तसे सभेचे चिटणीस भय्याजी खोलीवर आले. बसायला पाट दिला, पण ते उभेच राहिले.

"जागेश्वरभाऊ, सभेनं ठरवलं. औंदाची तुमची पाळी माफ. श्यामरावाकडे होईन पारणं."

"मी माफी मागतली का?"

"मागतली नाही जी. पण तुमचे दिवस पाहून..."

"माझे दिवस मी पाहून घेईन. माफ केलं म्हनजे काढलं का मले?"

"काढलं कोन म्हनते! मोकळं केलं."

"तेच तर सांगून राहिलो. मले मोकळं नाही व्हाचं," जागेश्वरभाऊ म्हणाले.

भय्याजींनी चष्मा पुसला. "मंग श्यामरावाले विचारा. त्याईनं हो म्हटलं, तर आमचं काही नाही."

श्यामराव किराणा दुकानदार. जागेश्वरभाऊ बुडाले त्यात त्यांचंही बरंच बुडालं होतं. कोर्टात ते एक शब्द बोलले नव्हते, आणि त्यानंतर जागेश्वरभाऊंशीही बोलले नव्हते. मंदिरात दोघं दोन टोकांना बसत.

दुपारी गिऱ्हाईक नसताना जागेश्वरभाऊ दुकानासमोर उभे राहिले.

"श्यामराव, माझी पाळी मले परत द्या."

श्यामराव तराजू पुसत राहिले. "कायचं खाऊ घालता बुवाले?"

"चिन्नोर हाये. काटे करून मिळवलेला. उधारीचा एक दाना नाही त्यात."

"चिन्नोर!" श्यामराव पहिल्यांदाच वर बघून बोलले. "मी घरी जाडा खाऊन राहिलो आन् तुमी बुवाले चिन्नोर वाढता. वा शेट! कोर्टानं तुमाले सोडलं, मले कोनं सोडलं? तुमच्या घरी दाना उरला, तर तो आधी माझा नाही का?"

कायद्यानं तो त्यांचा नव्हता. कोर्टानंतर कमावलेली ती मजुरी होती, आणि वकिलानं तसं समजावूनही सांगितलं होतं. पण ते न सांगताच जागेश्वरभाऊ दुकानासमोरून वळले. नदीच्या वाटेनं परत येताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: ज्या भातावर दुसऱ्याचा जीव अडकला आहे, तो बुवांच्या ताटात कसा वाढायचा? बुवांना कळणार नाही. पण ज्याच्या नावानं पारणं करायचं, तो तर सगळं पाहतो.

संध्याकाळी त्यांनी डबा आणून श्यामरावांच्या ओट्यावर ठेवला.

"हे काय आता?"

"तुमचा चिन्नोर."

"मी बोललो ते रागात जी..."

"ठेवून घ्या. डबा मातर आठवनीनं परत द्या, मले तो एकच हाये," एवढं म्हणून जागेश्वरभाऊ निघाले.

एकादशीचं कीर्तन रंगलं. जागेश्वरभाऊ आत गेले नाहीत. बाहेर, वाटसरू टेकतात त्या कट्ट्यावर बसून ऐकत राहिले. आतून टाळांचा गजर आला की त्यांचे हात आपोआप उचलले जात. आरतीनंतर भय्याजींनी नेहमीप्रमाणे उभं राहून सांगितलं, "उद्याचं पारणं श्यामरावांकडे." ऐकून घेतलं आणि जागेश्वरभाऊ उठले. सोबत कुणी नव्हतं. मार्गशीर्षातली थंडी, आणि खोलीवर जाऊन चूल पेटवायचं काही कारण नव्हतं.

सकाळी श्यामरावांचा निरोप आला. वाढायला माणूस नाही, या.

ते गेले. स्वयंपाकघरात श्यामरावांची बायको चंद्रकांता भाताचं पातेलं उतरवत होती. वास आला आणि जागेश्वरभाऊ दारातच थबकले. चंद्रकांता हळूच म्हणाली, "हे म्हनत होते, हाच शिजव. दुसरा नको."

बुवा पाटावर बसले. जागेश्वरभाऊंनी भात वाढला, त्यावर वरण, वर तुपाची धार. बुवांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "वा! गळा मोकळा झाला. कुठला हो तांदूळ, श्यामराव?"

श्यामराव पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी जागेश्वरभाऊंकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली.

"घरचाच जी," ते म्हणाले.

जागेश्वरभाऊंनी तुपाची पळी ठेवून भाताचं पातेलं उचललं. मग त्यांनी विचारलं, "बुवा, अजून थोडा?"

"वाढा, वाढा."

त्यांनी वाढला. जेवण झाल्यावर बुवांनी श्यामरावांच्या डोक्यावर हात ठेवून यजमानाला आशीर्वाद दिला. जागेश्वरभाऊ उष्टी पत्रावळ उचलत होते.

अंगणात हात धुताना भय्याजींनी त्यांना गाठलं. श्यामराव रात्रीच त्यांच्याशी बोलले असावेत. "जागेश्वरभाऊ, पुढच्या सालची पाळी तुमालेच देऊ म्हनतात. श्यामरावाची काही हरकत नाही आता."

जागेश्वरभाऊंनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. हेच ऐकायला ते इतके दिवस जीव टाकत होते. पण आता आनंद कुठं होता? श्यामरावांचं देणं फिटेपर्यंत घरचा दाणा आपला म्हणता येणार नव्हता.

"नको जी. नाव काढून टाका."

"अहो, पन आता काहून?"

"मी सांगतो म्हनून काढा. तुमी माफ केलं म्हनून नाही." मग म्हणाले, "वाढाले मातर बोलवत जा. कोनाचीही पाळी असो."

बुवांना पोचवायला सगळे बाहेर गेले. रिकाम्या पडवीत चंद्रकांतानं एकच पाट मांडला. "बसा भाऊजी. तुमी राहिलेच."

ते बसले. समोर वाफाळता भात आला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि प्रसादाचा घ्यावा तसा पहिला घास बोटांच्या टोकांनी उचलला.