तीन नंबरची पेटी

"उघडलीस? या गारठ्यात पेटी उघडलीस?" सासरे परसातून ओरडत आले, तेव्हा माझ्या एका हातात मधपेटीचं झाकण होतं आणि कडेवर लेक.

"आवाज येत नव्हता, बाबा. म्हटलं, मेल्या की काय माश्या."

"झोपलेल्या लेकराच्या नाकाखाली पण सारखं बोट धरतेस. त्यानं जगतं होय लेकरू? हिवाळ्यापुरता मध सोडलाय मी आत. माश्यांनी महिनाभर खपून फटी बुजवल्या, अन् तू एका झटक्यात फोडल्यास! अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

माश्या जिवंत होत्या. नारळाएवढा गोळा करून एकमेकींना ऊब देत होत्या. मी झाकण लावलं, फटींना मेण चोपडलं.

गावाला वाटतं, मधाचा हंगाम सरला की आमची चैन. "तुमचं बरंय बाई, माश्या निजल्या की तुम्हीही निजा," शेजारीण म्हणते. या म्हणावं निजायला! पोळ्यांच्या चौकटी खरवडायच्या, मेण वितळवून गाळायचं, कुजक्या फळ्या बदलायच्या. नवरा उजाडताच लोकांच्या बागा छाटायला जातो, परत येऊन जेवता जेवता पेंगतो. त्यात लेकीचा खोकला. एक डोळा मेणाच्या पातेल्यावर, दुसरा तिच्यावर. मिटायला तिसरा कुठून आणू?

सगळी भिस्त बागवाल्यावर होती. फुलोऱ्याला बागेत ठेवायला त्याला माश्यांनी भरलेल्या दहा पेट्या भाड्यानं हव्या होत्या. एक कमी असली तर दुसऱ्याला सांगणार होता. आमच्याकडे दहाच होत्या.

आठवड्यानं तीन नंबरची पेटी गप्प झाली. कान लावला, टकटक केली. जरा उचलून पाहिली, तर हलकी लागली. हात झाकणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "बाबांचा जन्म गेला माश्यांत. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

चार दिवसांनी चांगलं ऊन पडलं, तेव्हा सासऱ्यांनीच ती उघडली. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. बाकीच्या, पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या. थंडीनं नव्हे, भुकेनं.

"हलकी लागली होती मला," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

मी त्यांच्या हातातल्या झाकणाकडे बोट दाखवलं. मान खाली घालून ते घरात निघून गेले.

मेलेली पेटी तशीच ठेवली तर कीड धरते. लेकीला उन्हात बसवून मी खरवडायला घेतली. वाटलं, आता दोन दिवस अबोला. पण सासरे बाहेर आले ते जाड गोधडी घेऊन. दुखरा गुडघा सावरत वाऱ्याच्या अंगाला उभे राहिले आणि दोन्ही हातांनी गोधडी पसरली.

"आणखी कुठली हलकी लागते?"

"सात नंबरची. नऊचीही थोडी."

"उघड मग. साखरेचा गोळा ठेव आत. वारा मी अडवतो."

"आणि बागवाला?"

"त्याच्याकडे जातो मी संध्याकाळी. नऊच आहेत म्हणून सांगतो. पुढं त्याची मर्जी."

मी सात नंबरचं झाकण उचललं. आतला माश्यांचा गोळा जरासा हलला.

"आटप गं," गोधडीमागून ते म्हणाले, "हात भरून आले माझे."