निळ्या बशीचा तुकडा

"निळं तर लांबूनसुद्धा लगेच डोळ्यांत भरतं हं," मोटरसायकलवरून न उतरताच तो माणूस म्हणाला आणि त्याने मोबाइल वर धरून भिंतीचा फोटो काढला.

फरशीवाला शिडीवरून खाली पाहत राहिला. "आवडलं का?"

"आवडलं की! कोण कुठं राहतं, सगळं एका नजरेत."

गाडी गेली. धुराचा वास मात्र भिंतीपाशी रेंगाळला.

बाजारामागच्या लांबलचक भिंतीवर गावाचं चित्र करायचं, ही कल्पना चित्रकार बाईंची. घराघरांतून फुटक्या कपबश्या आणायच्या आणि त्यांच्या तुकड्यांनी गावाचा नकाशा उभा करायचा. किती तऱ्हांची माणसं इथे येऊन नांदली, ते भिंतीने सांगावं. पण ज्या घरची बशी, तिचा तुकडा नकाशात त्याच घराच्या जागी बसवायचा, ही सूचना फरशीवाल्याची. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. उभ्या जन्मात त्याच्या बोलण्यावर कोणी टाळी वाजवली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना तो उगाचच दोन गल्ल्यांचा वळसा घालून गेला.

कोणाच्याच ध्यानात एक गोष्ट आली नाही. नदीपलीकडून दोन पिढ्यांमागे जी कुटुंबं आली, त्यांची भांडी निळी. येताना दुसरं फारसं काही आणता आलं नव्हतं, म्हणून असेल, पण त्यांनी ती जिवापाड जपली होती. इतरांच्या बश्या पांढऱ्या, तपकिरी, फुलाफुलांच्या. चित्र पुरं होत आलं, तसे नकाशावर निळे ठिपके उठून दिसू लागले. शिंप्याचं घर निळं. त्याला लागून असलेलं फरशीवाल्याचंही निळं.

कारण त्याची बायकोही पलीकडचीच. इतक्या वर्षांच्या संसारात गाव ते विसरलं होतं, खरं तर तोही विसरला होता. भिंतीसाठी काही मागितलं, तेव्हा तिने आईची धडधाकट बशी फडक्यात गुंडाळली आणि एका घावात फोडली. "आईचं काहीतरी चारचौघांत राहील," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी ती दारातच उभी होती.

"शिंपीदादांच्या दुकानाची काच फुटली."

"चेंडू लागला म्हणत होते."

"अहो, चेंडू लागला तर चेंडू आत सापडेल ना. आत दगड होता."

फरशीवाल्याने हातपाय धुतले, टॉवेलची उगाच पुन्हा पुन्हा घडी केली. मग म्हणाला, "मी आपला तुकडा काढतो. पांढरा बसवतो."

"आणि त्यांचा?"

"त्यांचा मी कसा काढू? ते काय म्हणतील?"

"मग माझाही नका काढू."

"अगं, तुला कळत नाही..."

"मला कळत नाही?" ती हसली. तसं हसताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. "आमच्या आजीला विचारायला हवं होतं तुम्ही. नदी ओलांडायच्या आधी त्यांच्याही दारांवर कोणीतरी खुणा करून गेलं होतं. तुम्ही तर बिचारे प्रेमाने केल्यात."

तो जेवला नाही. तिनेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई जेवायला गेल्या, तेव्हा त्याने छिन्नी लावली. घाव जरा जोरात बसला आणि तुकड्याचे दोन झाले. ते त्याने रुमालात बांधून खिशात टाकले, नव्या सिमेंटमध्ये पांढरा तुकडा बसवला आणि इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. घरी येऊन शर्ट खुंटीला अडकवला.

सकाळी उद्घाटनाला तो भिंतीपाशी पोचला आणि जागीच थबकला. सगळ्या भिंतीचं सिमेंट वाळून फिकट झालं होतं. त्याच्या एकट्याच्या घराभोवती मात्र काळंभोर, ओलं कडं होतं. जन्मभर फरश्या बसवणाऱ्या माणसाला नवा सांधा वेगळा दिसतो हे सुचू नये!

"काका, इथं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"निखळला होता." त्याने थापी उचलली आणि आधीच गुळगुळीत असलेली कड घासायला लागला. बाईंनी एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या निळ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. पण तोवर लोक जमले होते.

मोटरसायकलवालाही आला होता. आज बरोबर आणखी तिघे. मोबाइल वर झाले.

गर्दीतून त्याची बायको पुढे आली. अंगावर ठेवणीतले कपडे. ती आपल्या घराचा डाग झाकून उभी राहील, असं फरशीवाल्याला वाटलं. पण तो डाग तिने तसाच उघडा सोडला, एक घर पुढे गेली आणि शिंप्याच्या निळ्या तुकड्याला पाठ लावून उभी राहिली. मग तिने मूठ उघडली. तळहातावर बशीचे दोन निळे तुकडे होते.

"ओ ताई, जरा बाजूला व्हा. नकाशा दिसू दे," मोटरसायकलवाला म्हणाला.

ती हलली नाही. तिने हात जरासा पुढे केला, एवढंच.

त्याने फोटो काढला. मग थोडं जवळ येऊन, नुसत्या तिच्या चेहऱ्याचा आणखी एक.

फरशीवाल्याच्या हातात अजून थापी होती. ती कुठे ठेवावी, हेच त्याला सुचत नव्हतं.