गळ्याविना शास्त्र

"थांबा, थांबा शास्त्रीबोवा. पंचम मुळीच लागत नाही, एवढं कळलं. मग सूर येऊन विसावतो कुठे?"

चिकाच्या पडद्याआडून प्रश्न आला तसे चिंतामणशास्त्री खुलले. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मिळायलाही भाग्य लागतं.

"मध्यमावर, बाईसाहेब."

"गंधारावर नाही?"

"मध्यमावर म्हटलं ना."

"मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं," पडद्यामागचा आवाज जरा घुटमळला. "मध्यमावर थांबलं की पाहुणा दारात उभा राहिल्यासारखं वाटतं. आत येईना, परत जाईना. गंधारावर आलं की कसं, बसल्यासारखं होतं."

"वाटण्याला शास्त्रात जागा नाही!" शास्त्रीबोवांनी आवाज चढवला. म्हणजे चढवायला गेले, पण तो नेहमीसारखा मध्येच फाटला आणि नुसती शिट्टी बाहेर पडली.

सातव्या वर्षी घटसर्प झाला, तेव्हा जीव वाचला आणि गळा गेला. घरात तीन पिढ्यांचं संगीतशास्त्र. श्रुती किती, ग्राम कोणते, कुठला राग कुठून निघाला, जुने लोक काय गात आणि पुढे त्याचं काय झालं, हे सगळं वडिलांनी या मुलाकडून घोकून घेतलं. पण गाणार कोण? देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात, इथे नारळ होता नि पाणीच नव्हतं. धारच्या दरबारात गाणं असलं की शास्त्रीबोवा मागच्या खांबाशी बसत. दरबारचे खाँसाहेब मोठ्या मनाचे, पण थट्टा केल्याशिवाय त्यांना पान चढत नसे. "पंडितजी, राग गले में रहता है. किताब में तो उसका पता भर लिखा है." लोक हसत. शास्त्रीबोवाही हसत, आणि घरी जाऊन जेवत नसत.

आता असल्या माणसाला शिकवणी मिळावी, तीही बापूसाहेबांसारख्या मानकऱ्याच्या घरी, यात धारेश्वराची कृपा होती आणि थोडी गंमतही. बापूसाहेबांची थोरली सून इंदिराबाई देवासची. माहेरी रोज संध्याकाळी गाणं. सासरी आल्यावर तिने एवढंच मागितलं, मला गाणं शिकू द्या. घरात वादळ झालं. मानकऱ्याच्या सुनेने गायचं? बापूसाहेब वाईट नव्हते. सुनेचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना. त्यांनी तोड काढली, "शास्त्र शिका. गळा नाही." आणि शास्त्र शिकवायला असा माणूस शोधला की ज्याला गळाच नाही! शास्त्रीबोवांनीही धारेश्वराच्या पायरीला हात लावून शब्द दिला होता, माझ्या शिकवणीत सूर निघणार नाही.

त्याच घरात बापूसाहेबांनी तबकड्यांचं गाणारं यंत्र आणलं होतं. त्याच्या कर्ण्यातून कलकत्त्याची कोण कुठली बाई रोज दुपारी ठुमरी गायची, ते चालायचं. असो. मोठ्यांच्या घरच्या गोष्टी, आपण कशाला बोला.

चार वर्षं शिकवणी चालली. पडद्याच्या अलीकडे शास्त्रीबोवा, पलीकडे इंदिराबाई, आणि पडद्याच्या कडेला राखणीला भवानीबाई नावाची जुनी दासी, लसूण सोलत. शास्त्रीबोवांनी विद्यार्थिनीचं तोंड कधी पाहिलं नाही. पण तिची बुद्धी त्यांनी अशी ओळखली होती, जशी आई लेकराची चाहूल ओळखते.

आणि आता धडा आला होता रेवामालिनीचा. या रागासाठी शास्त्रीबोवांचा जीव चाळीस वर्षं टांगणीला लागलेला. वडिलांच्या पोथीत त्याचे दोन श्लोक. सूर कोणते, चढायचं कसं, उतरायचं कसं, सारं दिलेलं. विसाव्याचा सूर ज्या ओळीत होता ती मात्र वाळवीने खाल्लेली. वडिलांनी अंदाजाने मध्यम धरला, म्हणून यांनीही धरला. हा राग कुणी गात नव्हतं. शास्त्रीबोवांनी येईल त्या गवयाला विचारलं, हात जोडले. खाँसाहेब म्हणाले, "हमारे घर में नहीं है, पंडितजी. जो चीज़ बाप ने नहीं गाई वो मैं कैसे गाऊँ?" बरोबरच होतं त्यांचं. पण मरायच्या आधी एकदा, एकदाच, तो राग कानावर पडावा, एवढीच या माणसाची इच्छा. काशी नको, रामेश्वर नको.

"शास्त्रीबोवा," पडद्यामागून अगदी हळू आवाज आला, "मी म्हणून दाखवू?"

भवानीबाईचा लसूण हातातच राहिला.

"फक्त एकदा. हळूच. आपण कधी ऐकलेला नाही ना? मला ठाऊक आहे. आपण या रागाचं बोलता तेव्हा आपला आवाज निराळा होतो."

वाढलेलं ताट समोर आलं होतं. एक मान हलवायचा अवकाश! पण बाहेर ओसरीवर माणसं होती, आणि या घरात भिंतींनासुद्धा कान. कुणी ऐकलं तर पोरीचं हे शास्त्रसुद्धा जाईल, मग तिच्याजवळ उरेल काय?

"नको," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय, बाईसाहेब. आणि तुमचं आहे तेवढं तरी राहू दे."

"बरं," पलीकडून उत्तर आलं.

भवानीबाईने सुस्कारा सोडला. "काय हो म्हाराज, आमच्या बाईसाब चार बरस नुसत्या ऐकून ऱ्हायल्या. हंडी चुलीवर, आणि चाखायचं नाही. ह्ये कुठलं शास्तर?"

शास्त्रीबोवा उठले. त्या रात्री त्यांच्या बहिणीने, अक्काने, ताट वाढलं ते तसंच झाकून ठेवलं.

पण राखायचं म्हटलेलं राहतं थोडंच? बापूसाहेबांच्या लेकीचं, सरलेचं लग्न सोनकच्छच्या घरी ठरलं. सोयरे कडक. त्यांच्या कानावर गेलं की इथली सून गवयांची विद्या शिकते. त्यांनी नुसतं "असं ऐकतो बुवा" म्हटलं, आणि बापूसाहेबांना ठरलेलं लग्न मोडताना दिसू लागलं. त्यांनी शास्त्रीबोवांना बोलावून शेला पांघरवला.

"शास्त्रीबोवा, वाईट वाटून घेऊ नका. आपली काही चूक नाही. पण पोरीच्या लग्नाचा मामला आहे. शिकवणी आता पुरे."

"जशी आज्ञा," शास्त्रीबोवा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शेला चांगला होता. रस्त्यात तो त्यांना इतका जड झाला की त्यांनी तो काढून हातात घेतला.

देवडीशी भवानीबाई धापा टाकत मागून आली. "म्हाराज, रुको जरा! बाईसाबनी निरोप दिलाय. लग्नाच्या जेवणाला न्हाई आलात तरी चालेल. पण हळदीच्या घाण्याला या. नक्की या म्हणाल्या."

घाणा म्हणजे काय ते माळव्यातल्या मराठी घरांना सांगायला नको. लग्नाआधी जात्याला आंब्याची पानं बांधायची, सवाष्णींनी मिळून हळद दळायची आणि दळताना गाणी म्हणायची. पुढचीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. पुढे म्हणायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. त्याला ना सासरा नाही म्हणू शकत, ना सोयरा. ते गाणं नव्हेच मुळी, तो विधी. थोरल्या सुनेने तोंड मिटून घाणा भरला तर उलट अपशकुन!

शास्त्रीबोवा सकाळीच मांडवात जाऊन बसले. पानाची तबकं फिरत होती. बापूसाहेब सोनकच्छच्या पाहुण्यांची सरबराई करत होते, आणि खाँसाहेब लोडाला टेकून कुणाला तरी शिकारीची थाप मारत होते. आतल्या चौकात बांगड्या वाजल्या, जातं घरघरलं, आणि ओळ आली.

*पहिला घाणा भरू, धारेश्वराच्या नावाचा,*
*मांडवी आला बाई, सोयरा दूर गावाचा…*

शास्त्रीबोवांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंचम नव्हता. चढताना धैवताला नुसता हात लावून पुढे जाणं, उतरताना निषादावर ते रेंगाळणं, सारं जागच्या जागी. रेवामालिनी! चाळीस वर्षं जी कागदावर कोरडी पडली होती ती बाई हळद दळत होती. आवाज तरी केवढा मोकळा! चार वर्षं दाबून ठेवलेला. शास्त्रीबोवांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत.

मांडवात कुणाला काही कळलं नाही. सोनकच्छचे व्याही म्हणाले, "चाल बरी आहे. देवासकडची असेल."

आणि मग ओळ संपायला आली. सूर खाली उतरला आणि मध्यमावर येऊन थांबला.

शास्त्रीबोवा दचकले. चुकलं होतं. चांगलं चाललेलं गाणं तिथे येऊन अवघडलं होतं. ती म्हणाली होती तस्संच. जागा गंधाराचीच होती. लहान पोरालाही कळली असती. तिला तर कधीच कळली होती! तरी ती मध्यमावर थांबली, कारण गुरूने सांगितलं होतं. मागच्या बायकांनी ओळ उचलली आणि त्याही भाबडेपणाने तिथेच अडकल्या. आज हा घाणा इतक्याजणींच्या तोंडी बसेल, त्या तो लेकीसुनांना देतील, आणि शास्त्रीबोवांचा हट्टच राग म्हणून चालत राहील. अरे देवा! वाळवीने ओळ खाल्ली आणि उरलेला राग मी खाल्ला.

सांगायचं कसं? आत निरोप पाठवावा तर कुणाच्या हाती? नुसतं "गंधार" म्हणून ओरडलं तरी खाँसाहेबांच्या कानात दिवा लागेल, आणि मग विधीचं गाणं होईल, गाण्याची बोंब होईल, सुनेचं नाव निघेल.

आत दुसरा घाणा सुरू झाला. सूर चढला, रेंगाळला, उतरू लागला.

चिंतामणशास्त्री उभे राहिले. सातव्या वर्षापासून ज्या माणसाने चारचौघांत सूर काढला नव्हता, त्याने भर मांडवात तोंड उघडलं आणि बायकांच्या घाण्याची शेवटची ओळ बायकांबरोबर म्हटली. आवाज फाटका, पत्र्यावर खडा घासावा तसा. पण ओळीच्या टोकाला तो गंधारावर आला आणि तिथेच टिकून राहिला, छातीत दम होता तोवर.

मांडव खदखदून हसला. व्याह्यांच्या तोंडातलं पान बाहेर आलं. "वाह पंडितजी!" खाँसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "आख़िर बोल ही पड़े! और वो भी औरतों में!"

"शास्त्रीबोवा, अहो बायकांचा घाणा तो," बापूसाहेब हसू दाबत म्हणाले, "तुम्ही कुठे त्यांच्यात?"

"राहवलं नाही, बापूसाहेब," शास्त्रीबोवा म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. "लग्नघर आहे. माफी असावी."

आत जातं थांबलं होतं. बांगडीही वाजत नव्हती. शास्त्रीबोवांनी चौकाकडे कान लावले. कळलं असेल का तिला? का म्हाताऱ्याने विधीत विघ्न आणलं म्हणून रडत बसली असेल?

मग भवानीबाईचा खणखणीत आवाज आला, "चला बाई, हात चालवा, हळद पडून ऱ्हायली!" जातं पुन्हा घरघरलं.

*तिसरा घाणा भरू, रेवामाईच्या पाण्याचा,*
*हळदीला मान बाई, देणाऱ्याच्या घेण्याचा…*

सूर उतरला. मध्यमाशी आला, क्षणभर थबकला, आणि अलगद गंधारावर जाऊन बसला. मागून सगळ्या बायकांनी तो तसाच उचलला. काकवा, मावश्या, कासारीण, बेसूर भवानीबाई, सगळ्यांनी.

लोक पुन्हा शिकारीच्या गप्पांना लागले. बापूसाहेबांनी शास्त्रीबोवांना दोनदा बसा म्हणून सांगितलं, कुणी पाट आणून ठेवला. पण आतली हळद दळून होईपर्यंत शास्त्रीबोवा काही बसले नाहीत.