तयारीची राख

मी एक बशी बोलते आहे. बिनकपाची, आणि संतापलेली.

माझा जन्म भट्टीत झाला, त्यामुळे आगीचे मला भय नव्हते. माझ्या काठावरची निळी रेघ माझ्या कपावरच्या रेघेशी तंतोतंत जुळत असे. एके सकाळी कप फुटला आणि माझी रवानगी मुद्रितशोधकाच्या टेबलावर झाली. "राखेला तात्पुरती वापरतो," तो म्हणाला. त्या 'तात्पुरती'ला अकरा वर्षे लोटली.

छापण्यापूर्वी पुस्तकांतील चुका शोधणे हा त्याचा व्यवसाय. पत्नी हस्तलिखित मोठ्याने वाची, तेही विरामचिन्हांसकट, आणि तो मुद्रितावर, म्हणजे कच्च्या छापील प्रतीवर, लाल खुणा करी. "ती थांबली स्वल्पविराम पण बोलली नाही पूर्णविराम," असे ती एका सुरात वाचत जाई. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर हा गृहस्थ तुटून पडे. स्वतःच्या धुराकडे मात्र कानाडोळा! शब्द अडला की सिगारेट, चहा झाला की सिगारेट, प्रकरण संपले की सिगारेट. सारी थोटके माझ्या उरावर.

"कधी सोडणार?" पत्नी विचारी.

"अगं, मनाची तयारी करतोय."

"अहो, एवढ्या तयारीत लोकांची घरं बांधून झाली!"

तयारी! या शब्दाची मला चीड आली आहे. हा माझ्यात राख झाडी, खिडकीबाहेर पाही, आणि त्यालाच तयारी म्हणे.

पुढे पत्नीला खोकला लागला. आधी परिच्छेदागणिक, मग ओळीगणिक. एके दिवशी ती दवाखान्यातून परतली ती हसतच. "डॉक्टर मला विचारतात, रोज किती ओढता?" हसता हसता तिला उबळ आली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मोठ्यानं वाचू नका म्हणाले. घरात असाच धूर राहिला तर आवाज जाईल माझा."

तो हसला नाही. त्याचा हात मात्र सवयीने पाकिटाकडे गेला. मला हात असते, तर त्या क्षणी मी गप्प बसले नसते!

हात अर्ध्यावरच थांबला. त्याने एका जुन्या मुद्रिताच्या पाठीवर एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढे सरकवली. तिने बारीक आवाजात वाचले, "मनाची तयारी झाल्यावर मी सिगारेट सोडणार आहे" आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढे काय? पूर्णविरामच दिला नाहीत तुम्ही."

चाळीस वर्षे दुसऱ्यांचे पूर्णविराम शोधणारा माणूस! त्याचे कान लाल झाले. त्याने लाल पेन उचलले, 'मनाची तयारी झाल्यावर' हे शब्द खोडले आणि 'सोडणार आहे'च्या जागी 'सोमवारी सोडतो' असे लिहिले. पुढे ठसठशीत पूर्णविराम. मग त्याने समास भरून काढला: चहा टेबलापासून दूर, उभ्याने घ्यायचा, शब्द अडला की उठून कोश उघडायचा, प्रकरण संपले की जिना उतरून एक फेरी मारायची. छापखान्याच्या मालकाला फोनही केला.

"सोमवारपासून माझी चिडचिड होईल, सांभाळून घ्या."

"म्हणजे आजवर होत नव्हती?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

हीच ती मनाची तयारी. ती एका दुपारी झाली. अकरा वर्षे लागली ती टाळाटाळीला, आणि त्यांची किंमत दुसऱ्याच कुणाच्या छातीने मोजली. हे मी विसरणार नाही.

आज सोमवार. काल त्याने मला स्वतः घासले. मधला काळा डाग गेला नाही. आता मी कागदांवर पालथी आहे. सकाळपासून त्याचा हात चारदा माझ्याकडे आला आणि चारदा माझ्या पाठीला लागून परत फिरला. आता वाचतो तो, घोगऱ्या आवाजात, विरामचिन्हांसकट; लाल पेन तिच्या हाती आहे. मध्येच तो अडखळला, की ती टेबलावर टकटक करते.

तुमच्याही घरी कुणी तयारी करत असेल, तर त्याला माझी पाठ दाखवा. माझा राग अजून गेलेला नाही. मला पुन्हा उताणी करू नका पूर्णविराम.