आणखी काही त्रास?

आमच्या सरांना नियमांचं भारी वेड. कानाला चिमटा लावायचा, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला बारीकशी वीज द्यायची आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना ती येते का पाहायचं, एवढंच आमचं संशोधन. कापणं नाही, टोचणं नाही. पण या विषयावरचे जुने शोधनिबंध वाचून सरांचं डोकं फिरलं होतं. चिमटा कानाला नेमका कुठे लावला, वीज किती दिली, कुणाला काय त्रास झाला, कुणी म्हणून धड लिहिलेलं नाही. आपण सगळं नियमाप्रमाणे लिहायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी त्यांची नर्स.

दर आठवड्याला मी घरोघर जायचे. यंत्र तपासायचं आणि विचारायचं, काही त्रास? नाही म्हटलं की उठायचं. गप्पा मारायच्या नाहीत, कारण कुणी चार शब्द गोड बोललं तरी माणसाला झोप लागते, मग श्रेय विजेला द्यायचं की बोलण्याला? हो म्हटलं तर मात्र बसायचं. कुठे होतं, कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, सगळं खोदून विचारायचं.

ही गोम काकूंनी केव्हाच हेरली होती. मला कळायला वेळ लागला. काकू म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहणाऱ्या. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले आणि आता यांना फोन येतो तो कर्ज हवंय का विचारायला. पहिल्या खेपेला काकूंचा कान खाजला. मग घसा खवखवला, मग झिणझिण्या आल्या, मग खोकला. मग आवाज बसला, आणि तेही त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. खाजेवरून त्या खिडकीतल्या कुंड्यांवर घसरायच्या, तिथून ऑफिसातल्या भांडकुदळ मैत्रिणीवर, आणि मी त्यांना पुन्हा कानावर आणायचे. मलाही घाई नसायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून माझ्या खोलीत सकाळी ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच असतो.

पहिला टप्पा संपला तेव्हा सरांनी याद्या उघडल्या. तुलनेसाठी म्हणून निम्म्या लोकांच्या यंत्रात वीज नव्हतीच, नुसता दिवा लुकलुकत होता. कुणाकडे कुठलं यंत्र आहे हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. काकूंचं यंत्र दिव्याचं निघालं. आणि दिव्यावाल्यांच्या बहुतेक सगळ्या तक्रारी एकट्या काकूंच्या. सरांनी कपाळाला हात लावला. हे असंच छापलं तर विजेपेक्षा दिवाच जास्त त्रासदायक ठरणार होता. दुसऱ्या टप्प्यात दिव्यावाल्यांना खरी वीज मिळायची होती, म्हणजे माझं काकूंकडे जाणं चालूच राहिलं असतं. पण तक्रारी खोट्या असतील तर तसं लिहून त्यांना वगळावं लागणार होतं. विचारून या, एवढंच सर म्हणाले.

"काकू, खरं सांगा. कान खाजायचा का?"

काकूंनी चिमटा काढून मांडीवर ठेवला. "नाही गं. पण नाही म्हटलं की तू उठायचीस."

मला राग आला. उद्या कितीतरी आजारी माणसं आमच्या आकड्यांवर भरवसा ठेवणार, असं मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझाच आवाज उतरला. हे लिहिलं तर मला येता येणार नाही, संशोधन संपेपर्यंत ओळखही ठेवता येणार नाही, हेही मला सांगावं लागलं.

"लिही," काकू म्हणाल्या. "नंबर चुकीचा जोडला गेला की सांगून टाकायचं. उगाच लाइन अडवायची नाही."

मी लिहिलं. सगळं दोन ओळींत मावलं.

वगळलेल्या माणसाला नियमाप्रमाणे एक शेवटचा फोन करावा लागतो. यंत्र काढल्यावर काही त्रास होतोय का, हे विचारायला. मी तो फोन पुढे ढकलत राहिले, आणि एका दुपारी केला.

"काही त्रास?"

"नाही."

इथेच फोन ठेवायचा असतो. मी ठेवला नाही. खाज? नाही. खोकला? नाही. झिणझिण्या, घसा, आवाज, अख्खी यादी मी एकेक करून विचारली. काकू शहाण्या मुलीसारखं नाही, नाही म्हणत राहिल्या. एखादा तरी हो येईल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. यादी संपली.

"आणखी बोलायचंय की लाइन तोडू?" काकूंनी विचारलं. हा त्यांचा ऑफिसातला आवाज असणार.

"आणखी आहे," मी म्हणाले आणि यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. "कान खाजतोय का?"



"आता तुझा खाजतोय वाटतं," काकू म्हणाल्या.