चौथ्या चरातला खड्डा

जिथे इमारत उठायची असते, तिथे आधी आम्हा पुरातत्त्ववाल्यांना बोलावतात. जमिनीखाली जुनं काही आहे का बघा आणि नाही म्हणून लिहून द्या, एवढीच बिल्डरची अपेक्षा. या प्लॉटवर पूर्वी कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्या होत्या. सहा चर खणायचे होते, हातात आठ दिवस. पाचव्या दिवशी माझी कंबर धरली होती आणि साइट इंजिनिअर तासातासाला येऊन "झालं का हो मॅडम?" म्हणत डोकं खात होता.

चौथ्या चरात जेसीबीने वरची माती काढल्यावर एक लहानसा चौकोनी डाग दिसला. आजूबाजूची माती पिवळी, घट्ट. ही काळपट, भुसभुशीत. म्हणजे कोणीतरी कधीतरी खणून बुजवलेला खड्डा. त्यात इनॅमलच्या टोपाच्या बुडाची निळी कड दिसत होती. असा खड्डा निदान अर्धा खणून खात्री करायची, हा आमचा नियम. मी खणला नाही. इनॅमल बघितलं, 'अलीकडचा खड्डा, कचरा' असं लिहिलं आणि पुढे सरकले. दुपारी तो चर बुजवूनही टाकला.

आठव्या दिवशी अहवाल पाठवून आम्ही सामान गाडीत भरत होतो, तेव्हा एक म्हातारी फाटकातून आत आली. सत्तरीची असेल. तडक माझ्याकडेच आली.

"तुम्हीच खणताय ना? मी इथेच राहायचे. नळाजवळची शेवटची खोली."

"काय हवंय मावशी?"

"माझं पहिलं बाळ. मेलेलंच जन्मलं. मी तापात पडलेली, ह्यांनीच नेलं. नळामागे पुरलं म्हणाले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून आपला निळा टोप वर उपडा घातला." तिने बुजवलेल्या चौथ्या चराकडे हात केला. "इमारत व्हायच्या आधी घेऊन जावं म्हटलं. जे काय उरलं असेल ते. सापडलं का हो काही?"

तिला खरं सांगायचं म्हणजे साहेबांना फोन, अहवाल मागे घ्यायचा, चर पुन्हा उघडायचा, इंजिनिअरचा थयथयाट, आणि मी कामचुकारपणा केला हे चारचौघांत कबूल करायचं. एवढा सगळा हिशेब मी दोन सेकंदांत केला. सांगायला लाज वाटते, पण केला.

"नाही मावशी," मी म्हणाले. "नळामागे आम्ही नीट बघितलं. तिथे काहीच नव्हतं."

मला वाटलं, ती रडेल. तिच्यासाठी मी गाडीतून पाण्याची बाटलीही काढून दिली. एवढी मी दयाळू.

ती रडली नाही. "नीट बघितलं?"

"हो."

"म्हणजे पुरलंच नाही त्यांनी." ती जमिनीकडे बघत राहिली. "सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. पिऊन तर्र होता तो, खणायची ताकद कुठली, नाल्यात टाकून आला असेल. मी त्यांच्याशी भांडले. त्या मरेपर्यंत धड बोलले नाही. का, तर माझा नवरा खोटं बोलणार नाही."

"तसं नसतं मावशी, इतक्या वर्षांत मातीत कधीकधी काही उरतच नाही..."

"टोपसुद्धा?"

माझ्याकडे उत्तर होतं. वीस पावलांवर, दीड हात खाली होतं.

"त्यांनाच विचारा ना एकदा," शेवटी मी म्हणाले.

"दोन वर्षं झाली, अर्धं अंग गेलंय. वाचाही गेली. मीच भरवते, मीच पुसते." तिने बाटली माझ्या हातात परत दिली; झाकणही उघडलं नव्हतं. "आता कसे सांगणार ते? भरवेन. माणूस उपाशी थोडाच ठेवता येतो? पण आता तोंडाकडे बघून नाही व्हायचं."

ती निघाली. गुडघे दुखत असावेत, फाटकापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला हाक मारता आली असती.